चौकातला कॅमेरा सिग्नल तोडणाऱ्यासाठी की नुसत्या देखरेखीसाठी? ओळखण्याची पद्धत

विदर्भातील बहुतेक खेड्यांत, आणि काही तालुक्यांच्या ठिकाणीही, वाहतुकीचा सिग्नल नसतो. फाट्यावर फार तर सौरऊर्जेवर लुकलुकणारा पिवळा दिवा असतो आणि आधी कोणी निघायचे हे चालक एकमेकांकडे पाहून ठरवतात. याच रस्त्यांवर हात बसलेला चालक रुग्णाला घेऊन नागपूरच्या मेडिकलला जातो, मुलीच्या प्रवेशासाठी अमरावती गाठतो किंवा ट्रॅक्टरचा सुटा भाग आणायला अकोल्याला निघतो, तेव्हा एकाच चौकात त्याच्या डोक्यावर आठ-दहा कॅमेरे असतात. त्यांतला कोणता सिग्नल तोडल्याची नोंद घेतो, कोणता फक्त गर्दी पाहतो आणि कोणता शेजारच्या सराफाने आपल्या दुकानासाठी लावला आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. मग पारावर दोन समजुती फिरतात. पहिली अशी की दिसला कॅमेरा की कापले पैसे; ती बाळगणारा माणूस हिरवा दिवा असतानाही चौकात बिचकून ब्रेक दाबतो आणि मागून येणाऱ्या ट्रकची पंचाईत करतो. दुसरी अशी की हे सारे कॅमेरे बंदच असतात. ती बाळगणारा लाल दिव्यावरून निघून जातो आणि दोन आठवड्यांनी मोबाइलवर चलनाचा संदेश आला की चकित होतो.

कॅमेरा ओळखण्यासाठी त्याचा आकार, रंग किंवा त्यावर लिहिलेल्या कंपनीचे नाव फारसे कामाचे नाही. एकाच कारखान्यातून निघालेला एकच कॅमेरा एका चौकात लाल दिव्याची नोंद ठेवतो आणि दुसऱ्या चौकात नुसती गर्दी दाखवतो. तो कोठे उभा आहे आणि रस्त्याच्या नेमक्या कोणत्या भागाकडे पाहतो आहे, यावरूनच त्याचे काम कळते. सिग्नल तोडून सुटण्याची युक्ती या लेखात सापडणार नाही; तशी युक्ती का नाही, त्याचे कारणही पुढे येईल.

लाल दिव्याच्या कॅमेऱ्याला काय दाखवून द्यावे लागते

या कॅमेऱ्याची जागा त्याच्या कामातून ठरते, म्हणून आधी काम समजून घ्यावे. सिग्नल तोडल्याचे चलन टिकायचे असेल तर चार गोष्टी चित्रात असाव्या लागतात: त्या क्षणी त्या दिशेचा दिवा लाल होता, वाहन त्या वेळी थांबा रेषेच्या अलीकडे होते, दिवा लाल असतानाच ते रेषा ओलांडून पुढे गेले, आणि ते वाहन याच क्रमांकाचे होते. यांतली एक गोष्ट जरी निसटली तरी पुरावा लंगडा पडतो. पिवळा दिवा असताना रेषा ओलांडलेले वाहन चौकाच्या मध्यावर असताना दिवा लाल झाला, तर तो सिग्नल तोडणे होत नाही. म्हणून केवळ चौकात उभ्या असलेल्या वाहनाचे छायाचित्र पुरत नाही, रेषेच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे दोन क्षण लागतात.

या चार गोष्टी एकाच भिंगातून नीट टिपणे अवघड असते. नंबर प्लेट वाचता येण्यासाठी कॅमेरा अरुंद कोनातून जवळचे पाहणारा असावा लागतो, तर दिवा, रेषा आणि संपूर्ण वाहन एका चौकटीत येण्यासाठी रुंद कोनातून पाहणारा लागतो. त्यामुळे या यंत्रणेत बहुधा जोडी असते: प्रत्येक एक-दोन मार्गिकांसाठी नंबर वाचणारा एकेक कॅमेरा, आणि त्या सगळ्यांसाठी मिळून संपूर्ण दृश्य घेणारा एक. दिवा लाल झाल्याची खबर यंत्रणेला दोन प्रकारे मिळते. एक तर सिग्नल चालवणाऱ्या पेटीतून तार घेऊन, किंवा दृश्य घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या चित्रातच दिव्याचा रंग ओळखून. संगणकात थांबा रेषेवर एक काल्पनिक रेषा आखलेली असते. दिवा लाल असताना वाहनाने ती ओलांडली की आधीच्या आणि नंतरच्या काही सेकंदांचे चित्रण वेगळे काढले जाते, नंबर वाचला जातो, आणि ते चित्र नियंत्रण कक्षाकडे जाते.

पहिली पायरी: आधी खाली पाहावे, मग वर

चौकात शिरणारा नवखा माणूस वर पाहत राहतो. खरे तर आधी रस्ता पाहावा. झेब्रा क्रॉसिंगच्या अलीकडे आडवी पांढरी जाड रेषा आहे का? ती स्पष्ट आणि नव्याने रंगवलेली आहे का? ज्या चौकात लाल दिव्याची यंत्रणा नीट चालवली जाते तेथे ही रेषा पुसट ठेवून चालत नाही, कारण सगळा पुरावाच तिच्यावर उभा असतो. पहिल्याच पावसाळ्यात रेषा निम्मी पुसली गेली आणि ती पुन्हा कोणी काढली नाही, तर त्या दिशेला ही यंत्रणा असण्याची शक्यता कमी होते. याला अपवाद असतात. तरी सुरुवात करायला ही खूण चांगली.

जुन्या पद्धतीच्या यंत्रणेत रेषेजवळ डांबरात आयताकृती चर कापून त्यात तार पुरलेली असते आणि वर काळा मसाला भरलेला असतो. वाहनाचा धातू वरून गेला की त्या तारेला कळते. असे चौकोन दिसले म्हणून मात्र लगेच निष्कर्ष काढू नये, कारण वाहने मोजण्यासाठी आणि गर्दीनुसार हिरव्या दिव्याची वेळ कमी-जास्त करण्यासाठीही हीच तार वापरतात.

दुसरी पायरी: खांब आणि त्याचा आडवा हात

आता वर पाहावे. रस्त्याच्या कडेला उभा खांब आणि त्यातून वाहनांच्या डोक्यावर आलेला आडवा लोखंडी हात अशी रचना शोधावी. कापसाने उंच भरलेला ट्रक खालून सहज जाईल इतक्या उंचीवर तो हात असतो आणि त्यावर कॅमेरे ओळीने बसवलेले असतात. हा खांब चौकाच्या मधोमध नसतो. थांबा रेषेच्या काही अंतर अलीकडे असतो, किंवा चौक ओलांडून समोरच्या बाजूला असतो. अलीकडे असेल तर तो वाहनाची मागची प्लेट आणि समोरचा दिवा एकाच दिशेने पाहतो. समोर असेल तर येणाऱ्या वाहनाची पुढची प्लेट पाहतो.

देखरेखीच्या कॅमेऱ्याला या जागेचे बंधन नसते. त्याला चारही रस्ते दिसायला हवेत, म्हणून तो चौकाच्या कोपऱ्यावर, दुभाजकाच्या टोकाला किंवा उंच खांबाच्या माथ्यावर बसवतात. मार्गिकेच्या बरोबर वर नेऊन टांगण्याची त्याला गरज नसते.

तिसरी पायरी: भिंग कोणत्या तुकड्याकडे रोखले आहे

माझ्या मते सगळ्यांत भरवशाची खूण हीच आहे, आणि ती पाहायला वेळ लागतो. म्हणून ती गाडी चालवताना नव्हे, तर गाडी बाजूला लावून पायी उभे राहून पाहावी. नागपुरात कामाला आलेल्या माणसाला चहाच्या टपरीपाशी दहा मिनिटे सहज मिळतात. कॅमेऱ्याच्या पुढच्या काचेपासून ती ज्या दिशेला तोंड करून आहे त्या दिशेने मनात एक सरळ रेघ ओढावी आणि ती रस्त्यावर कोठे टेकते ते पाहावे.

रेघ थांबा रेषेच्या आसपासच्या एका मार्गिकेवर टेकत असेल, शेजारच्या कॅमेऱ्याची रेघ शेजारच्या मार्गिकेवर टेकत असेल, आणि सगळे कॅमेरे खाली झुकलेले, हलत नसलेले, एकाच कोनात असतील, तर ते नंबर वाचण्याच्या कामाचे आहेत. आता त्याच हातावर किंवा त्याच खांबावर एखादा कमी झुकलेला कॅमेरा आहे का ते पाहावे. त्याच्या नजरेत थांबा रेषा आणि समोरचा सिग्नल दोन्ही येत असतील तर जोडी पूर्ण झाली. हा दुसरा कॅमेरा नसेल आणि फक्त नंबर वाचणारे असतील, तर ती यंत्रणा चोरीच्या किंवा हव्या असलेल्या वाहनांचा शोध घेणारी असू शकते. नंबर वाचणारा प्रत्येक कॅमेरा लाल दिव्याचा असतोच असे नाही, आणि लोकांची सर्वाधिक गफलत येथेच होते.

उलट, रेघ चौकाच्या मध्यावर, दूरच्या रांगेवर किंवा थेट क्षितिजाकडे जात असेल, तर तो कॅमेरा देखरेखीचा समजावा. खांबाला टांगलेला, उलट्या वाटीसारखा काळसर घुमट असेल तर आतला कॅमेरा गोल फिरतो आणि जवळ-दूर करतो. काही ठिकाणी घुमट पारदर्शक असतो आणि आतले भिंग हळूच वळताना दिसते. नियंत्रण कक्षात बसलेला कर्मचारी तो फिरवतो, किंवा तो ठरावीक वेळाने आपोआप दिशा बदलतो. अमरावतीतला जो कॅमेरा या मिनिटाला राजकमल चौकाच्या दिशेला आणि पुढच्या मिनिटाला बसस्थानकाच्या दिशेला पाहतो, त्याच्यावर लाल दिव्याची आपोआप नोंद सोपवता येत नाही, कारण दिवा बदलण्याच्या नेमक्या क्षणी तो भलतीकडेच पाहत असू शकतो.

सिग्नलच्या दिव्यांना लागूनच, अगदी वर, मुठीएवढे छोटे कॅमेरे किंवा चपट्या पेट्याही आढळतात. ते येणाऱ्या रांगेकडे तोंड करून असतात आणि रांग किती लांब आहे ते मोजून हिरवा दिवा किती वेळ ठेवायचा हे सिग्नलला सांगतात. दिव्याशेजारी बसल्यामुळे लोक त्यांनाच सर्वांत जास्त घाबरतात. वास्तविक ते रांग मोजणारे आहेत आणि त्यांना नंबर वाचण्याएवढी नजर बहुधा दिलेलीच नसते.

चौथी पायरी: सोबतचे सामान

नंबर रात्रीही वाचायचा असतो आणि समोरून येणाऱ्या वाहनाचे दिवे डोळे दिपवणारे असतात. म्हणून नंबर वाचणाऱ्या कॅमेऱ्याच्या शेजारी किंवा त्याच्या पुढच्या भागातच अवरक्त प्रकाश देणारे दिवे असतात. हा प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण काही दिव्यांत अंधारात नीट पाहिल्यास विझत आलेल्या निखाऱ्याच्या रंगाचे बारीक ठिपके दिसतात. नंबर प्लेटचा पृष्ठभाग हा प्रकाश परत फेकतो आणि अक्षरे उठून दिसतात. काही यंत्रणांत पांढरा झगमगाटही उडतो. मात्र दुकानावरच्या साध्या कॅमेऱ्यालाही अवरक्त दिवे असतात. तेव्हा ही खूण तिसऱ्या पायरीला जोड म्हणूनच धरावी.

खांबाच्या बुंध्याशी कुलूप लावलेली लोखंडी पेटी पाहावी. आतल्या संगणकाला वीज आणि फायबरची तार लागते, आणि तो गरम होऊ नये म्हणून पेटीला जाळी किंवा पंखा असतो. वैशाखात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या आपल्या उन्हात त्याशिवाय ती यंत्रणा टिकणार नाही. या पेटीतून सिग्नलच्या पेटीकडे वाहिनी गेलेली दिसली तर संशय बळावतो. पण ती वाहिनी जमिनीखालून जाते, त्यामुळे बऱ्याचदा काही दिसत नाही.

पाचवी पायरी: फलक वाचावा, पण नीट

केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये ऑगस्ट २०२१ मध्ये नियम १६७-अ समाविष्ट करण्यात आला. इलेक्ट्रॉनिक उपकरणाने अंमलबजावणी होणाऱ्या रस्त्याच्या टप्प्याआधी लोकांना तसे कळवणारा फलक ठळकपणे लावावा, असे तो नियम सांगतो. त्या उपकरणाला राज्याच्या प्राधिकाऱ्याकडून मान्यतेचे प्रमाणपत्र असावे आणि त्याचे दर वर्षी नूतनीकरण व्हावे, हेही त्यातच आहे. राष्ट्रीय व राज्य महामार्गांवरील धोक्याच्या आणि गर्दीच्या टप्प्यांवर, तसेच दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या आणि नियमासोबतच्या यादीतील शहरांच्या महत्त्वाच्या चौकांत अशी उपकरणे बसवावीत असेही नियम सांगतो; त्या यादीत देशातील १३२ शहरे आहेत. त्यात महाराष्ट्रातील १९ शहरे असून विदर्भातील नागपूर, अमरावती, अकोला आणि चंद्रपूर ही चार आहेत. यवतमाळ, वर्धा किंवा वाशीमला अशी यंत्रणा नसेलच असा याचा अर्थ नाही. मात्र खेड्यातून निघालेल्या चालकाने कोणत्या शहरांत अधिक सावध असावे, याचा अंदाज त्यावरून येतो.

फलकावरील शब्दांकडे लक्ष द्यावे. ‘आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात’ एवढेच लिहिले असेल तर त्यावरून काहीच ठरत नाही; असा फलक बाजार समितीच्या फाटकावरही असतो. सिग्नल उल्लंघन, वेगमर्यादा किंवा ई-चलन यांचा उल्लेख असेल तर पुढे अंमलबजावणीचे उपकरण आहे असे धरून चालावे. फलक झाडाआड गेलेला किंवा निवडणुकीच्या पोस्टरखाली दडलेला असणे नवीन नाही, म्हणून फलक दिसला नाही यावरून कॅमेरा नाही असे मानू नये.

जेथे सिग्नलच नाही तेथे

येथे एक सोपा हिशेब लागू होतो: सिग्नल नाही, तर लाल दिव्याचा कॅमेरा नाही. गावच्या चौकातला, ग्रामपंचायतीने किंवा पोलीस ठाण्याच्या सांगण्यावरून बसवलेला कॅमेरा चोरी, भांडणे आणि ये-जा यांची नोंद ठेवण्यासाठी असतो. त्याच्यामुळे सिग्नलचे चलन येऊ शकत नाही.

समृद्धी महामार्गाचेही तसेच. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा संपूर्ण मार्ग वाहतुकीसाठी मोकळा आहे. विदर्भात तो नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम आणि बुलढाणा या जिल्ह्यांतून जातो. या मार्गावर चौकच नाहीत, त्यामुळे तेथे दिसणारा कोणताही कॅमेरा सिग्नलचा असू शकत नाही. तो वेग, मार्गिका, सीटबेल्ट किंवा अपघाताची खबर यांपैकी कशासाठी तरी असतो. नागपूर-अमरावती किंवा नागपूर-हिंगणघाट-पांढरकवडा या राष्ट्रीय महामार्गांवर उंच खांबाच्या माथ्यावर एकटा फिरता कॅमेरा दिसतो, तो बहुतेक वेळा बंद पडलेली वाहने आणि कोंडी पाहण्यासाठी असतो. वेग मोजणाऱ्या यंत्रणेत कॅमेऱ्याशेजारी रडारची चपटी पेटी असते, किंवा दोन कमानींमधले अंतर कापायला किती वेळ लागला यावरून सरासरी वेग काढला जातो. शिवाय कडुलिंबाच्या सावलीत उभ्या महामार्ग पोलिसांच्या वाहनातून वेग मोजला जातो तो वेगळाच. त्याला खांबही लागत नाही. टोलनाक्याचा कॅमेरा मार्गिकेच्या तोंडाशी, अगदी कमी उंचीवर असतो आणि फास्टॅगशी नंबर जुळतो का ते पाहतो.

आता अवघड भाग: देखरेखीचा कॅमेराही चलन करू शकतो

येथवरच्या पायऱ्यांनी आपोआप नोंद घेणारा कॅमेरा कोणता आणि नुसते पाहणारा कोणता, हे बऱ्यापैकी ओळखता येते. परंतु कायद्याच्या दृष्टीने ही भिंत पक्की नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६-अ आले आणि इलेक्ट्रॉनिक देखरेखीला आधार मिळाला. त्याखालच्या नियम १६७-अ मध्ये अंमलबजावणीच्या उपकरणांची जी व्याख्या आहे तीत वेगाचा कॅमेरा, स्पीडगन, नंबर ओळखणारी यंत्रणा, पोलिसाच्या अंगावरचा कॅमेरा, गाडीतला डॅशबोर्ड कॅमेरा आणि वजनकाटा यांच्या जोडीला साधा सीसीटीव्हीही आहे. म्हणजे फिरत्या घुमटातून पाहणाऱ्या नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्याला तुम्ही लाल दिव्यावरून जाताना, हेल्मेटविना किंवा उलट दिशेने येताना दिसलात, आणि नंबर स्पष्ट आला, तर त्या चित्रणावरून चलन होऊ शकते. फरक एवढाच की तेथे यंत्राऐवजी माणसाची नजर काम करते. ती प्रत्येक वेळी नसते आणि केव्हा असेल ते सांगता येत नाही. नागपुरात सीसीटीव्हीचे जाळे साडेतीन हजार कॅमेऱ्यांच्या पुढे गेलेले आहे, तेव्हा ‘हा तर नुसता देखरेखीचा’ म्हणून सिग्नल तोडणे हा निव्वळ जुगार आहे, आणि त्यात डावावर दंडाच्या आधी समोरून हिरव्या दिव्यावर येणाऱ्याचा जीव लागतो.

लाल दिवा ओलांडणे हे २०१९ नंतर कलम १८४ मध्ये धोकादायक वाहन चालवण्याच्या प्रकारांत स्पष्ट नावाने आले आहे. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. जागेवर तडजोडीने किती रक्कम घ्यायची हे राज्य ठरवते, म्हणून चलनावर कोणते कलम लावले आहे ते वाचावे.

चलन आल्यावर उलट दिशेने ओळख

या साऱ्या माहितीचा खरा उपयोग येथे होतो. वाहनाचा क्रमांक आणि चेसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार आकडे टाकून महाट्रॅफिक ॲपवर किंवा राज्य वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर चलन उघडावे आणि जोडलेले छायाचित्र मोठे करून पाहावे.

आपोआप नोंद घेणाऱ्या यंत्रणेचे चित्र सहज ओळखू येते. कडेला तारीख, सेकंदापर्यंतची वेळ आणि चौकाचे नाव छापलेले असते. एका चौकटीत लाल दिवा आणि रेषेच्या अलीकडे तुमची गाडी, दुसऱ्या चौकटीत तीच गाडी रेषेच्या पलीकडे आणि दिवा अजून लाल, आणि कोपऱ्यात नंबर प्लेटचा कापून मोठा केलेला तुकडा. चित्र वरून, मार्गिकेच्या रेषेत घेतलेले असते. देखरेखीच्या कॅमेऱ्याचे चित्र तिरपे आणि दुरून असते, त्यात इतर वाहनेही भरपूर असतात. रस्त्यावरच्या पोलिसाने काढलेले चित्र माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून, बहुधा गाडीच्या मागून असते.

मग चार प्रश्न विचारावेत. दिवा चित्रात दिसतो का, आणि तो तुमच्याच दिशेचा आहे का? रेषा दिसते का? ती ओलांडण्याआधीचा क्षण आहे का? प्लेटवरचा नंबर तुमचाच आहे का? नियम १६७-अ प्रमाणे चलनासोबत गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दाखवणारे छायाचित्र, तारीख, वेळ, जागा, कायद्यातील तरतूद आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र असावे लागते. हे प्रमाणपत्र पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली असे; १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे. २०२१ च्या अधिसूचनेने गुन्ह्याची सूचना घटनेपासून १५ दिवसांच्या आत पाठवण्याची मुदत घातली होती. त्रुटी आढळली, किंवा रुग्णवाहिकेला वाट देण्यासाठी रेषा ओलांडावी लागली असे चित्रात दिसत असेल, तर पैसे भरण्याआधी ॲपवरून तक्रार नोंदवावी आणि चित्राची प्रत जपून ठेवावी. भरल्यानंतर वाद घालणे फार कठीण जाते. तालुक्याच्या न्यायालयात राष्ट्रीय लोक अदालत भरते तेव्हा प्रलंबित ई-चलनेही तेथे घेतली जातात. जिल्ह्याला हेलपाटे घालण्यापेक्षा ते सोयीचे पडते.

‘फ्री लेफ्ट’चा गैरसमज येथेच दूर करावा. डावीकडे वळायला सदैव मोकळीक असते असे गावाकडे अनेक जण मानतात. तसा फलक किंवा हिरवा बाण असेल तेथेच ती असते. इतर ठिकाणी डावीकडे वळणाऱ्यानेही रेषेपाशी थांबायचे असते, आणि चौकातील यंत्रणा त्याचीही नोंद घेऊ शकते.

खेड्यातल्या वाहनांच्या खास अडचणी

नंबर ओळखणारे यंत्र प्लेट जशी दिसते तशी वाचते. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल उडून निम्मा आकडा झाकला गेला, किंवा इंग्रजी बी हे अक्षर आठसारखे रंगवलेले असले, की तुमच्या हातून न घडलेल्या गुन्ह्याचे चलन तुमच्या नावावर आणि तुमचे दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकते. एमएच २९ च्या जागी एमएच २७ वाचले गेले तर यवतमाळचा गुन्हा अमरावतीकराच्या घरी पोहोचतो. १ एप्रिल २०१९ नंतरच्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबर प्लेट कारखान्यातूनच येते. त्याआधीच्या वाहनांना ती बसवून घ्यावी लागते, आणि चुकीच्या चलनापासूनचे सर्वांत सोपे संरक्षण तेच आहे. ‘दादा’, ‘राजे’ असे वळणदार आकडे काढलेली प्लेट हा स्वतंत्र गुन्हा आहे.

ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली की मागची प्लेट झाकली जाते, आणि बऱ्याच ट्रॉल्यांना नंबरच नसतो. तेव्हा ट्रॅक्टरची पुढची प्लेट स्वच्छ ठेवावी आणि ट्रॉलीवरही नंबर असावा. ट्रॅक्टर-ट्रॉलीला थांबायला अंतर जास्त लागते, म्हणून सिग्नल लांबून दिसताच वेग कमी करावा. पिवळा दिवा लागल्यावर सुरक्षितपणे थांबता येत असेल तर रेषेच्या अलीकडे थांबावे, आणि तेवढे अंतर उरले नसेल तर अधेमधे ब्रेक न लावता चौक ओलांडावा.

सगळ्यांत जास्त डोकेदुखी विकलेल्या गाडीची असते. मोटारसायकल नात्यातल्या कोणाला नुसत्या मुद्रांकावर दिली, पैसे घेतले आणि नोंद तशीच ठेवली, की नागपूरच्या सिग्नलचे चलन जुन्या मालकाच्या मोबाइलवर येत राहते. कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० भरून आरटीओकडे द्यावा लागतो. चलनाच्या चित्रात चालक दुसराच दिसतो हे खरे असले तरी नोंदणीकृत मालकालाच आधी विचारणा होते.

आणि चलनाच्या नावाखाली व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल कधीही उघडू नये. सरकारी संदेश ॲप डाउनलोड करण्याची फाइल पाठवत नाही. ती उघडली की बँकेच्या ओटीपीपर्यंत सगळे चोराच्या हाती जाते. चलन खरे आहे का ते स्वतः संकेतस्थळावर वाहनाचा क्रमांक टाकूनच तपासावे. फाइल उघडली गेली असेल तर मोबाइलचा डेटा ताबडतोब बंद करून दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे आणि बँकेला खाते गोठवायला सांगावे. त्याच आठवड्यात वाहनाच्या नोंदणीत आपला चालू मोबाइल क्रमांक आहे की जुना, हेही तपासून घ्यावे, कारण खरे चलन बंद पडलेल्या क्रमांकावर जात राहिले तर ते कळते थेट नाकाबंदीत.